लिबियाचा उठाव आणि जगाची मदत: बेनगाझीत पाहिलेले, नंतर उमगलेले

सयाजीबाग_सकाळ

गेल्या रविवारी कमाटीबागेत फिरणे आटोपून आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो होतो. बोलता बोलता लिबियाचा आणि तिथला हुकूमशहा गडाफी याचा विषय निघाला आणि आमच्यातील एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "गडाफी होता तेच बरे होते. वीज जवळजवळ फुकट, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. लोकांनी उगीच उठाव केला आणि बाहेरच्यांनी येऊन देशाची वाट लावली." मी त्या वेळी गप्प राहिलो. मला जे सांगायचे होते ते चहा संपेपर्यंतच्या वेळात मावणारे नव्हते, म्हणून हा धागा काढतो आहे. वडोदऱ्यातील बरीच मंडळी तेल, वीज आणि बांधकामाच्या कामांसाठी त्या भागात जाऊन आलेली आहेत; त्यांनीही लिहावे.

मी स्थापत्य अभियंता. २००९च्या सुरुवातीपासून फेब्रुवारी २०११पर्यंत बेनगाझीजवळच्या एका गृहप्रकल्पावर होतो. आमच्या भांडारात एक लिबियन कारकून होता. वय पस्तिशीचे, हिशेबात चोख, सिमेंटच्या एका पोत्याचाही घोळ होऊ देत नसे. दोन वर्षे आम्ही रोज एका टेबलावर जेवलो. घरी कोण कोण असते, असे मी विचारले की तो सांगे, "आई, बहीण आणि एक थोरला भाऊ, भाऊ परदेशात असतो." यापुढे तो कधी गेला नाही, आणि मीही कधी खोदून विचारले नाही.

फेब्रुवारीच्या २२ किंवा २३ तारखेला तो मला समुद्राकाठच्या न्यायालयाच्या इमारतीपाशी घेऊन गेला. तोवर शहर उठाववाल्यांच्या हाती आले होते. न्यायालयाच्या भिंतीवर शेकडो छायाचित्रे लावलेली होती. काही पासपोर्टच्या आकाराची, काही मोठी करून घेतलेली, काही लग्नाच्या फोटोतून कापून काढलेली. त्याने एका छायाचित्रावर बोट ठेवले आणि म्हणाला, "हा माझा भाऊ." मी विचारले, "परदेशात असतो तो?" तो म्हणाला, "अबू सलीममध्ये होता. १९९६ साली मारला."

अबू सलीम हे त्रिपोलीतील तुरुंगाचे नाव. जून १९९६मध्ये तिथल्या कैद्यांनी अन्न, औषधोपचार आणि नातेवाइकांच्या भेटी यांसाठी बंड केले. बोलणी झाली, मागण्या मान्य केल्याचे सांगण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अंगणांत गोळा करून छपरांवरून गोळ्या घातल्या. मानवी हक्क संघटनांच्या अंदाजानुसार सुमारे १,२०० माणसे काही तासांत मारली गेली. सरकारने हे कोणालाच कळवले नाही. माझ्या सहकाऱ्याची आई त्यानंतरही पाच वर्षे, वर्षातून तीन-चार वेळा, सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून बेनगाझीहून त्रिपोलीला जात राहिली. बरोबर कापडी पिशवी असे: लोकरी बनियन, खजूर, दम्याचे औषध, साबण. दारावरचा शिपाई पिशवी घेई, आज भेट होणार नाही असे सांगे आणि पुढच्या वेळी काय आणावे तेही सांगे. हे त्या एकट्या बाईच्या बाबतीत घडले असे नाही, शेकडो घरांतून हेच चालले होते. मेलेल्या मुलासाठी आईकडून औषध घेणारे राज्य म्हणजे काय, हे त्या भिंतीसमोर मला कळले. तिथे मी मोबाइलवर त्या छायाचित्राचा फोटो काढून घेतला, त्यानेच काढायला सांगितला होता.

उठाव सुरू झाला तो याच घरांतून. २००८च्या सुमारापासून ही कुटुंबे बेनगाझीत दर शनिवारी हातात छायाचित्रे धरून उभी राहत. त्यांचे वकील फतही तेरबिल यांना १५ फेब्रुवारी २०११ रोजी पकडण्यात आले आणि त्या रात्री लोक पोलीस ठाण्यासमोर जमले. ट्युनिशियात बेन अली १४ जानेवारीला पळाला होता, इजिप्तमध्ये मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झाला होता. वारे अनुकूल होते हे खरे, पण ठिणगी तिथलीच होती. १७ फेब्रुवारीला मोर्चे निघाले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. आमच्या छावणीपर्यंत तो आवाज येत असे. पुढे अंत्ययात्रांवर गोळीबार झाला आणि त्या गोळीबारातून आणखी अंत्ययात्रा निघाल्या. २० तारखेला तेल कंपनीत नोकरी करणारे महदी झिऊ नावाचे एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या मोटारीत गॅसच्या टाक्या भरून लष्करी तळाच्या फाटकावर जाऊन आदळले. ते गेले, फाटक उडाले आणि शहर मोकळे झाले.

या लोकांना "उगीच उठाव केला" असे म्हणणे मला सहन होत नाही. सुमारे ६० लाख वस्तीचा, दिवसाला १६ लाख पिंपे तेल काढणारा देश होता तो. आणि त्या फुकट दवाखान्यांबद्दल सांगायचे तर ज्यांना परवडे ते लिबियन उपचारासाठी ट्युनिसला किंवा कैरोला जात.

आता माझे मत मांडतो. बेनगाझीने जगाला हाक मारली ती योग्य होती. १९ मार्चपर्यंत, म्हणजे फ्रेंच विमानांनी बेनगाझीच्या वेशीवर राजवटीचे रणगाडे अडवले तोवर, जगाने जे केले तेही योग्य होते. त्यानंतर मात्र मदतीचा हेतू बदलला आणि तो बदल कोणीही उघडपणे कबूल केला नाही. आपली मते वाचायला आवडतील.

रावपुरा_वाडा

काका, तुम्ही पिशवीचे जे लिहिले आहे ते वाचून दोन दिवस उत्तर लिहायला हात गेला नाही. त्या आईच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे हे मान्य करूनच लिहितो.

तुमच्या मांडणीतील "१९ मार्चपर्यंत योग्य" हा भाग मला पटत नाही, कारण १९ मार्चच्या पोटातच पुढचे सगळे होते. लिबियन लोकांचा उठाव खरा होता. पण त्यांच्या मदतीला जे धावले ते कोण होते? याच देशांचे नेते त्याआधी काही वर्षे गडाफीच्या तंबूत जाऊन करार करत होते. २००३मध्ये त्याने अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडल्यावर तो एकाएकी सभ्य ठरला. पुढे अबू सलीमचे हत्याकांडही जगाला माहीत झाले. तरीही २०१०मध्ये लिबिया संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेवर निवडून आला, आणि मार्च २०११मध्ये त्याच परिषदेतून त्याला निलंबित करण्यात आले. एका वर्षात गडाफी बदलला नव्हता, बदलली होती ती त्याच्या टिकण्याची शक्यता.

आपल्या शहराच्या इतिहासातले एक उदाहरण देतो, कारण मला ते टाळता येत नाही. वडोदऱ्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या कारभाराविरुद्ध रयतेच्या तक्रारी खऱ्या होत्या. १८७३मध्ये त्यांची चौकशीही झाली होती. पण १८७५ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत करताना आधी निमित्त पुढे केले ते रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातील प्रतिनिधी, फेर याच्यावरील विषप्रयोगाचे. त्या चौकशी मंडळात सहा जण होते. तिघे इंग्रज आरोप सिद्ध झाला म्हणाले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना गादीवरून काढले आणि मद्रासला पाठवले. म्हणजे शिक्षा आधी ठरली होती, कारण नंतर बदलून घेतले. रयतेचे गाऱ्हाणे हे बलवानाच्या हातातील हत्यार कसे होते, ते आपल्या पणजोबांनी रावपुऱ्यात उभे राहून पाहिले आहे. लिबियाचे वाचताना मला सतत तेच आठवते.

भारताने १७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील मतदानात तटस्थ राहून योग्य केले असे माझे मत आहे.

न्यायमंदिरामागे

मी वकिली करतो, त्यामुळे ठरावांच्या शब्दांकडे लक्ष वेधतो. दोन ठराव होते आणि त्यांची गल्लत होऊ नये.

पहिला, क्रमांक १९७०, २६ फेब्रुवारी २०११ रोजी सुरक्षा परिषदेच्या सर्व १५ सदस्यांनी एकमताने संमत केला. त्यात भारतही होता. शस्त्रबंदी, गडाफी आणि त्याच्या निकटवर्तीयांच्या मालमत्तेवर टाच, प्रवासबंदी, आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवणे, या त्यातील मुख्य गोष्टी. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही, तरीही आपण बाजूने मत दिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आदल्या दिवशी संयुक्त राष्ट्रांतील लिबियाच्याच राजदूताने, अब्दुर्रहमान शालगम यांनी, परिषदेसमोर आपल्या देशाला वाचवा असे कळवळून सांगितले होते. शालगम हे गडाफीचे तरुणपणापासूनचे सोबती. आणि दिल्लीतील लिबियाचे राजदूत अली अल-इसावी यांनी तर २१ फेब्रुवारीलाच या हिंसाचाराच्या निषेधार्थ राजीनामा दिला होता. ज्या राजवटीचे स्वतःचे वकील साक्ष फिरवतात, तिची बाजू कोणत्याही न्यायालयात टिकत नाही.

दुसरा ठराव, क्रमांक १९७३, १७ मार्चला झाला. बाजूने दहा, विरोधात कोणी नाही, तटस्थ पाच: भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी. त्याचे चौथे कलम कळीचे आहे. हल्ल्याचा धोका असलेले नागरिक आणि नागरी वस्त्या यांच्या संरक्षणासाठी "आवश्यक ते सर्व उपाय" योजण्याची मुभा त्याने दिली, त्यात बेनगाझीचा नावाने उल्लेख केला, आणि कोणत्याही स्वरूपाची परकीय ताबा फौज त्यातून वगळली. आता हे कलम नीट वाचले तर त्यात राजवट बदलण्याचा अधिकार कुठेही नाही. उलट पहिल्याच कलमात तत्काळ युद्धबंदीची मागणी आहे आणि दुसऱ्यात वाटाघाटींचा उल्लेख आहे.

भारताच्या प्रतिनिधीने मतदानानंतर केलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, सरचिटणीसांनी नेमलेल्या दूताचा अहवाल अजून परिषदेसमोर आलेला नाही आणि प्रत्यक्ष परिस्थितीची खात्रीलायक माहिती फारशी उपलब्ध नाही. अहवालापूर्वी निकाल नको, ही वकिली भूमिका मला समजते. पण दारात रणगाडे उभे असताना अशीलाला "पुढची तारीख घेऊ" असे सांगता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे रावपुरा_वाडा यांच्याइतक्या खात्रीने आपण योग्य केले असे मला म्हणता येत नाही.

सयाजीबाग_सकाळ

रावपुरा_वाडा, मल्हाररावांच्या उदाहरणाबद्दल मनापासून आभार. पण त्यात एक फरक आहे आणि तो मोठा आहे. वडोदऱ्याच्या रयतेने इंग्रजांच्या फौजेसाठी चौकात उभे राहून हाका मारल्या नव्हत्या. बेनगाझीत आधी लोकांनी परकीय हस्तक्षेप नको असे मोठे फलक लावले होते, ते मी स्वतः पाहिलेले आहेत. कारण १९११पासूनची इटलीची राजवट आणि तिच्या छळछावण्या त्यांच्या आजोबांनी भोगल्या होत्या. मार्चच्या मध्यावर तेच लोक विमाने पाठवा म्हणू लागले, कारण राजवटीच्या फौजा रास लानुफ, ब्रेगा, अजदाबिया अशी एकेक गावे घेत किनाऱ्याने पूर्वेकडे सरकत होत्या. गडाफीने २२ फेब्रुवारीच्या भाषणात घराघरातून, गल्लीगल्लीतून शोधून काढू असे सांगितले होते. १७ मार्चला ठरावाच्या काही तास आधी त्याने रेडिओवरून बेनगाझीला सांगितले की, आम्ही आज रात्री येत आहोत आणि दया दाखवली जाणार नाही. ज्या शहराने १९९६ भोगले त्याला ही नुसती धमकी कशी वाटेल?

१९ मार्चला रणगाडे शहराच्या पश्चिम वेशीत शिरले. त्या दिवशी मी वडोदऱ्यात कारेलीबागेतल्या घरी टीव्हीसमोर होतो. इंटरनेटवरून शहराची दृश्ये जगाला दाखवणारा मोहम्मद नब्बूस हा तरुण त्याच सकाळी मारला गेला. दुपारनंतर फ्रेंच विमानांनी शहराबाहेरच्या तुकड्यांवर हल्ला केला. रात्री माझ्या सहकाऱ्याचा तीन शब्दांचा संदेश आला: "आम्ही जिवंत आहोत."

म्हणून १९ मार्चच्या पोटात पुढचे सगळे होते असे तुम्ही म्हणता ते मला मान्य करता येत नाही. त्या दिवशी थांबवलेले रणगाडे ही एक गोष्ट. पुढचे सात महिने ही दुसरी.

मांडवीची_लेक

माझे यजमान तेव्हा त्रिपोलीला होते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाच दिवस फोन लागला नाही. सासूबाई देवघरासमोरून हलल्या नाहीत. लिबियात त्या वेळी सुमारे १८ हजार भारतीय होते आणि सरकारने विमाने व जहाजे पाठवून १५ हजारांहून अधिक लोकांना परत आणले, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. यजमान दिल्लीला उतरले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हते. कंपनीने पासपोर्ट स्वतःच्या कार्यालयात ठेवून घेतले होते आणि कार्यालयाला कुलूप होते. दूतावासाने दिलेल्या तात्पुरत्या कागदावर ते आले.

पण त्यांनी विमानतळावर जे पाहिले ते कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. बांगलादेशी, घाना आणि नायजरचे मजूर थंडीत उघड्यावर बसले होते. त्यांना न्यायला विमान नव्हते. जे काळ्या वर्णाचे होते त्यांचे हाल आणखी वाईट होते. गडाफीने आफ्रिकेतून भाडोत्री सैनिक आणले अशी वार्ता पसरली होती आणि त्यात काही तथ्य असले तरी त्यापायी विटा वाहणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या माणसांना ओढून मारले गेले. पुढे मिसराताच्या लढवय्यांनी शेजारचे तावेर्गा हे गाव संपूर्ण रिकामे केले. तिथली बहुतेक वस्ती काळ्या वर्णाची, संख्या तीस हजारांच्या वर. गावातील काही जण गडाफीच्या बाजूने लढले होते हे खरे आहे, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळे गाव वर्षानुवर्षे छावण्यांत राहिले.

नागरिकांचे संरक्षण हा ठरावाचा शब्द होता ना? मग तावेर्गाचे लोक नागरिक नव्हते का? विमाने होती, टेहळणी होती, सगळे दिसत होते. मला १९ मार्चबद्दल काही म्हणायचे नाही. माझा प्रश्न या एका गावाबद्दल आहे.

सयाजीबाग_सकाळ

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो प्रश्न विचारला जायलाच हवा होता. बेनगाझी बंदरावर मीही हेच पाहिले. आम्हाला अलेक्झांड्रियाला नेणारे स्कोशिया प्रिन्स हे जहाज उभे होते. धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला आफ्रिकी मजूर चटया आणि प्लॅस्टिकचे कॅन घेऊन बसले होते. आमच्याच प्रकल्पावर काम केलेला एक घानाचा गवंडी त्यांत होता. त्याने मला ओळखले आणि हात वर केला. मी जहाजावर चढलो. त्याचे पुढे काय झाले मला कळले नाही.

हेतू कसा बदलला त्याबद्दल आता लिहितो. ३१ मार्चला नाटोने हवाई मोहिमेची सूत्रे हाती घेतली. १० एप्रिलला आफ्रिकी संघाचे शिष्टमंडळ त्रिपोलीला गेले, त्यात दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष जेकब झुमा होते. युद्धबंदी आणि वाटाघाटींची त्यांची योजना गडाफीने स्वीकारल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी बेनगाझीतील उठाववाल्यांच्या राष्ट्रीय संक्रमण परिषदेने ती नाकारली, कारण तीत गडाफीने जाण्याची अट नव्हती. बेनगाझीवाल्यांनी ती नाकारणे मला समजते. त्यांचा त्या माणसाच्या शब्दावर विश्वास कसा बसावा? पण मोठ्या राष्ट्रांनी त्या योजनेला आठवडाभरसुद्धा संधी दिली नाही. १५ एप्रिलला ओबामा, कॅमेरून आणि सार्कोझी यांनी संयुक्त लेख लिहून गडाफी सत्तेवर असलेल्या लिबियाचे भविष्य कल्पिता येत नाही असे सांगितले. रावपुरा_वाडा यांचे "कारण नंतर बदलून घेतले" हे वाक्य इथे मात्र तंतोतंत लागू पडते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

न्यायमंदिरामागे

यात भर घालतो. शस्त्रबंदी दोन्ही बाजूंना लागू होती, असा १९७० क्रमांकाच्या ठरावाचा सरळ अर्थ निघतो. तरीही जूनच्या अखेरीस फ्रान्सने नफूसा डोंगरातील बंडखोरांना विमानातून शस्त्रे टाकल्याचे मान्य केले आणि कतारने नंतर आपले शेकडो सैनिक तिथे असल्याचे सांगितले. नाटोच्या विमानांनी सुमारे २६ हजार उड्डाणे केली, त्यांपैकी ९,७०० हल्ल्यासाठी होती. गडाफीच्या बाजूच्या शहरावर, म्हणजे सिर्तवर, बंडखोर चालून गेले तेव्हा नागरिक कोणाच्या माऱ्यात होते, हा प्रश्न ठरावाच्या शब्दांत बसतच नव्हता.

२० ऑक्टोबरला सिर्तमधून बाहेर पडणाऱ्या गडाफीच्या ताफ्यावर विमानांतून हल्ला झाला, गडाफी एका सांडपाण्याच्या नळात लपला, पकडला गेला आणि जिवंत हाती आल्यानंतर ठार झाला. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे वॉरंट २७ जूनपासून होते. देशातल्या न्यायालयात अबू सलीमचा खटला उभा राहिला असता, त्या तुरुंगाच्या छपरावर कोण होते, हुकूम कोणी दिला, हे त्याला पिंजऱ्यात उभे करून विचारता आले असते. काका, तुमच्या सहकाऱ्याच्या आईला मिळायला हवे होते ते उत्तर त्या दिवशी सिर्तच्या रस्त्यावर संपले. वकील म्हणून मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

फतेगंज_राज्यशास्त्र

मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकते. २०११ साली मी शाळेत होते, त्यामुळे हा सगळा धागा माझ्यासाठी नवा आहे. वर्गात आम्ही "संरक्षणाची जबाबदारी" ही संकल्पना शिकलो. २००५च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी ती मान्य केली: राज्य जर स्वतःच्या जनतेचे नरसंहार, युद्धगुन्हे, वांशिक शुद्धीकरण आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून रक्षण करत नसेल, तर ती जबाबदारी सुरक्षा परिषदेमार्फत जगाकडे येते. लिबिया हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून शिकवतात.

मला यात सर्वांत जास्त खुपते ते सीरिया. तिथला उठाव मार्च २०११मध्येच दारा शहरात सुरू झाला. भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्या शाळकरी मुलांना पकडून छळल्यामुळे सुरू झाला. ४ ऑक्टोबर २०११ रोजी सुरक्षा परिषदेत त्याविषयीचा ठराव आला तो केवळ निषेधाचा आणि पुढील उपायांचा इशारा देणारा होता. रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. रशियाच्या प्रतिनिधीने लिबियाचा दाखला दिला. भारत तटस्थ राहिला. म्हणजे बेनगाझीत दिलेला शब्द त्रिपोलीत मोडला गेला आणि त्याची किंमत होम्स आणि अलेप्पोच्या लोकांनी मोजली. सीरियात त्यानंतर लाखो माणसे मेली. अर्थात, लिबिया झाले नसते तरी रशियाने सीरियाच्या असद राजवटीला सोडले असते असे मला वाटत नाही. पण नकाराला इतके सोयीचे कारण त्याच्या हाती लागले नसते.

काका, एक विचारू का? तुमचा तो सहकारी आज काय म्हणतो? आम्ही सगळे ठरावांवर बोलतो आहोत.

रावपुरा_वाडा

फतेगंजच्या ताईंनी सीरियाचा मुद्दा आणला तो माझ्या मनातलाच होता. आणखी एक सांगतो आणि थांबतो. मल्हाररावांना काढल्यावर इंग्रजांनी निदान सर टी. माधवरावांना दिवाण म्हणून बसवले. सयाजीराव सज्ञान होईपर्यंत सहा-सात वर्षे त्यांनी महसूल, न्याय, पोलीस यांची घडी बसवली. इंग्रजांना त्यात स्वतःचा फायदा दिसत होता हे उघडच आहे, पण गादी रिकामी ठेवून ते निघून गेले नाहीत. लिबियात ३१ ऑक्टोबर २०११ रोजी नाटोने मोहीम संपल्याचे जाहीर केले, म्हणजे गडाफी मेल्यावर अकरा दिवसांनी. गावोगावच्या टोळ्यांच्या हातात शस्त्रे होती, सैन्य उरले नव्हते, ४२ वर्षांत पक्ष, संघटना, वृत्तपत्र असे काही वाढू दिले नव्हते. तरी लोकांनी ७ जुलै २०१२ला मतदान केले, आणि नोंदणी झालेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक आले. त्यांची बाजू एवढी भक्कम होती. २०१६मध्ये ओबामांनी गडाफीनंतरच्या दिवसाची तयारी न करणे ही आपल्या कारकिर्दीतील बहुधा सर्वांत मोठी चूक होती असे सांगितले. त्या वेळी लिबियात परस्परविरोधी सरकारे दोन वर्षे लढत होती.

काकांशी माझा मतभेद १९ मार्चपुरता राहतो. उठाव उगीच होता असे मी कधीच म्हणणार नाही.

सयाजीबाग_सकाळ

फतेगंज, विचारलेस ते बरे केलेस.

२०१२पर्यंत तो आनंदात होता. मतदान केल्यावर शाईचे बोट दाखवणारा फोटो त्याने पाठवला होता. २०१४पासून बेनगाझीत जे युद्ध पेटले ते तीन वर्षे चालले आणि समुद्राकाठचा जुना भाग, सब्रीपासून न्यायालयापर्यंतचा, जवळजवळ भुईसपाट झाला. त्याचे घर सब्रीत होते. आई त्यापूर्वीच, २०१३च्या हिवाळ्यात गेली. मुलाचा मृतदेह तिला मिळाला नाही, कुठे पुरला तेही कोणी सांगितले नाही. सप्टेंबर २०२३मध्ये देरना येथे दोन धरणे फुटून हजारो माणसे एका रात्रीत वाहून गेली, तेव्हा त्याची बहीण तिथे होती, ती वाचली. त्या धरणांची दुरुस्ती कोणत्याच सरकारने, आधीच्या किंवा नंतरच्या, पूर्ण केली नव्हती.

"गडाफी होता तेच बरे होते का?" हा कमाटीबागेतला प्रश्न मी त्याला गेल्या वर्षी फोनवर विचारला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा मी तुला दोन वर्षे खोटे सांगितले. भाऊ परदेशात आहे, असे." एवढेच म्हणाला आणि विषय बदलला.

मग त्याने मला एक काम सांगितले. न्यायालयाच्या भिंतीवर लावलेले भावाचे ते छायाचित्र घरच्या एकुलत्या प्रतीवरून केलेले होते. घर पडले त्यात ती प्रत गेली आणि भिंतीवरचेही गेले. त्या दिवशी मी मोबाइलवर काढलेला फोटो माझ्याकडे आहे का, असे त्याने विचारले. तो मोबाइल केव्हाच मोडीत गेला होता. पण त्याचे मेमरी कार्ड कपाटात, जुन्या पासपोर्टच्या पाकिटात सापडले. दांडिया बाजारातल्या एका मुलाने त्यातून ते काढून दिले. फोटो तिरपा आहे, वर शेजारच्या दोन छायाचित्रांच्या कडा आल्या आहेत, पण चेहरा स्पष्ट दिसतो. तेवीस-चोवीस वर्षांचा, बारीक मिशी, कॉलर नीट केलेली. मी तो त्याला पाठवला आहे.